घराला गाडी शिकवणारे मेजर डॉक्टर

मिरजगावचे पाहुणे माधुरीला बघायला सोनईला येणार म्हटल्यावर तिच्या आईने आठवडाभर तिची उजळणी घेतली. स्वयंपाकात काय काय येतं, शिवण येतं का, डी.एड. झालंय तर नोकरी करणार का. कारण मुलाचा बाप म्हणजे साधी असामी नव्हती. एक तर डॉक्टर, त्यात लष्करातून मेजर होऊन आलेला. "सासरा मिलिटरीतला हाय, पोरी," शेजारची म्हातारी तिला म्हणाली होती, "घरातल्यांना शिट्टी वाजवून उठवतो म्हनं."

पाहुणे आले. मेजर डॉक्टर भीमराज भिंगारदिवे खुर्चीत ताठ बसले. दाराबाहेर काढलेले त्यांचे बूट इतके चकचकीत होते, की गल्लीतली पोरं वाकून त्यात तोंडं बघत होती. पोह्यांची बशी रिकामी करून त्यांनी माधुरीकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सायकल येते का?"

ह्या प्रश्नाची उजळणी झालेली नव्हती. माधुरीने आईकडे पाहिलं, आईने छताकडे पाहिलं.

"येते," माधुरी म्हणाली. मग राहवलं नाही म्हणून पुढे म्हणाली, "डबलसीट पण येते."

डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या बायकोच्या हातावर टाळी दिली. "भागा, झालं आपलं काम!"

भागिरथीबाईंनी डोळे वटारले, पण हसू काही त्यांना लपवता आलं नाही. ज्याच्यासाठी सगळे आले होते तो तुषार कोपऱ्यात चहा पीत बसला होता. त्याला काय वाटतं हे विचारायचंच राहिलं, हे घरी परतताना सगळ्यांच्या ध्यानात आलं.

बौद्ध पद्धतीने लग्न लागलं आणि माधुरी मिरजगावला आली. पहिल्याच सकाळी ती धडपडत उठून स्वयंपाकघरात गेली, तर सासरे स्टोव्हपाशी उभे राहून चहा उकळत होते. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल.

"बस," ते म्हणाले. "ह्या घरात सकाळचा चहा माझ्याकडे. दुपारनंतरचं तुम्ही बघा."

पहिला कप त्यांनी बाहेर ओट्यावर बसलेल्या थोरल्या भावाला नेऊन दिला, वाकून त्याच्या पायांना हात लावला, मग दुसरा कप बायकोला आणि तिसरा सुनेला. चहा इतका उकळलेला होता, की जिभेवर त्याचा थर बसला. माधुरीने कसाबसा संपवला. भागिरथीबाई हळूच म्हणाल्या, "मी पन असाच गिळते. सांगायचं न्हाई. त्यांना लई भारी वाटतो."

शिट्टी मात्र कुठेच नव्हती.

हळूहळू माधुरीला घरची गोष्ट कळत गेली. थोरला भाऊ रंभाजी, त्याला सगळे आबा म्हणत. बाप लवकर गेला तेव्हा आबाने शाळा सोडली आणि ऊसतोडीला, खडी फोडायला, मिळेल त्या कामाला जाऊन धाकट्याला शिकवलं. धाकटा पुण्याला शिकून एमबीबीएस झाला आणि तिथूनच लष्कराच्या वैद्यकीय दलात भरती झाला. एकाहत्तरची लढाई लागली तेव्हा तो राजस्थानच्या सीमेवर जखमींना टाके घालत होता आणि इकडे मिरजगावात तुषारचा जन्म झाला. तार पोचली ती लढाई संपल्यावर. नंतर मुलगी झाली, सीमा. तेव्हा डॉक्टर ईशान्येकडे कुठल्याशा डोंगरात होते.

सीमा बोलायला लागली होती, त्या वेळची ही गोष्ट. डॉक्टर मोठ्या सुट्टीवर आले. पोरगी दोन दिवस त्यांच्याकडे दुरून बघत राहिली आणि मग सगळ्यांच्या देखत आईला म्हणाली, "आई, हे पाहुने कधी जानार?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. पण त्यांनी त्या दिवशी जेवताना दुसरी भाकरी घेतली नाही. सुट्टी संपवून परत गेले ते साहेबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मला घरी जायचंय." पुढची बढती समोर दिसत होती, मोठ्या इस्पितळातली नेमणूक मिळणार होती. साहेबांनी खूप समजावलं. ह्यांचं एकच उत्तर, "माझी मुलगी मला पाहुणे म्हणते, सर."

मुदत पुरी होताच ते काळ्या ट्रंका घेऊन मिरजगावला आले आणि हमरस्त्याला लागून घर बांधलं. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या बाजूला संसार. दवाखान्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि टेबलामागे हे.

सुरुवातीला दवाखाना चालेना. ह्याचं एक कारण म्हणजे डॉक्टर उगाच इंजेक्शन देत नसत. लोक दंड पुढे करून बसायचे, आणि हे म्हणायचे, "तुला काही झालेलं नाही. पाणी जास्त पी, आणि बायकोशी भांडण मिटव." दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. डॉक्टर कुठल्या वस्तीतले, हे गाव विसरलेलं नव्हतं.

पुढची गोष्ट माधुरीला आसाराम तात्यांनी स्वतः सांगितली. आसाराम गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या पोटात कळा येत होत्या, नगरला जाण्याइतका धीर नव्हता. पुढच्या दारातून गेलं तर हमरस्त्यावरचं सगळं गाव बघणार, म्हणून ते घराला वळसा घालून मागच्या दाराने आले. डॉक्टरांनी दार उघडलं. तपासलं, औषध दिलं. निघताना म्हणाले, "तात्या, हे दार स्वयंपाकघरात उघडतं. इथून आलेला माणूस जेवून जातो, असा आमच्याकडे नियम आहे. आज तुमचं पोट बिघडलंय म्हणून सोडतो. पुढच्या वेळी कुठल्या दाराने यायचं ते तुम्ही ठरवा."

"मग?" माधुरीने विचारलं.

"मग काय," आसाराम तात्या खो खो हसले. "पुढच्या टायमाला बरा असून मागच्या दारानं आलो. तुझ्या सासूच्या हातची शेंगुळी खाल्ली. अन् जाताना पुढच्या दारानं गेलो, ढेकर देत. बघूंदे म्हनलं, कुनाला बघायचं ते!"

तेव्हापासून दवाखान्यात बसायला जागा पुरेना.

लग्नाला महिना झाला नसेल, एका रविवारी डॉक्टरांनी अंगणातल्या जीपवरची ताडपत्री ओढली आणि हाक मारली, "माधुरी, चल. सायकल येते म्हणालीस ना?"

जीप लष्कराच्या लिलावातली होती. दरवाजे नव्हते, आवाज मात्र भरपूर होता. गावाबाहेरच्या माळावर नेऊन त्यांनी तिला चाकामागे बसवलं. "पदर खोच. क्लचमध्ये अडकला तर टाके तुलाच घालावे लागतील मला."

माधुरी पहिलीच नव्हती. घरातल्या प्रत्येकाला ह्या माळावरून जावं लागलं होतं. भागिरथीबाई शिकल्या, आणि एका दुपारी थेट शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत घुसल्या. डोक्यातला कडबा काढत त्यांनी जाहीर केलं, "मी बसंन गाडीत. चालवनार न्हाई." आबा शिकले, पण ते रस्त्यात भेटेल त्याला रामराम नाहीतर जयभीम घालायला जीप थांबवायचे. बाजाराच्या दिवशी त्यांना गावाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जायला अर्धी सकाळ लागायची. तुषार शिकला आणि कर्जतला बँकेत नोकरीला लागला. सीमा शिकली आणि लग्न होऊन राहात्याला गेली. घरात भरवशाचा ड्रायव्हर उरला नव्हता. सुनेची निवड कशावर झाली, हे माधुरीला आत्ता कळलं.

हॉटेलात बसणाऱ्यांना विषय मिळाला. "मेजर सुनंला जीप शिकवतोय. उद्या रणगाडा आनंल!"

आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आमच्या घरी जीप हाय म्हून जीप शिकवतोय. तुमच्या घरी म्हस हाय, तुमी म्हशीवर शिकवा."

पण माधुरीला जमत नव्हतं. जीप गचके देत बंद पडायची. दर वेळी डॉक्टर शांतपणे म्हणायचे, "पुन्हा." एके दिवशी तिने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडायला लागली. "बाबा, मला कशाला हवंय हे? मी शाळेत शिकवीन, घर बघीन. गाडी चालवायला माणसं मिळतात."

डॉक्टर जीपमधून उतरले आणि बांधावर बसले. तिलाही बसायला सांगितलं. आणि लढाईतली जी गोष्ट त्यांनी घरात फारशी कुणाला सांगितली नव्हती, ती त्यांनी तिला सांगितली.

वाळवंटात एका दुपारी ते ॲम्ब्युलन्सच्या गाडीतून जखमींना घेऊन मागे निघाले होते. जवळच गोळा पडला आणि ड्रायव्हरच्या खांद्यात तुकडा घुसला. तो बेशुद्ध झाला. डॉक्टरांनी त्याचं रक्त थांबवलं, त्याला मागे झोपवलं. मग त्यांच्या ध्यानात आलं. गाडी ठीक होती. इस्पितळाचा तंबू फार लांब नव्हता. गाडीत जखमी होते, डॉक्टर होता. चालवणारा कुणी नव्हता.

"मला सगळं येत होतं," ते म्हणाले. "माणसाचं पोट उघडून शिवता येत होतं. गाडी हलवता येत नव्हती."

जखमींमधला एक हवालदार हरयाणाचा होता. दोन्ही पाय फुटलेले, पट्ट्यांत बांधलेले. तो म्हणाला, "साब, मुझे आगे बिठाओ." डॉक्टरांनी त्याला उचलून चाकामागे बसवलं आणि स्वतः त्याच्या पायांपाशी खाली, गाडीच्या तळाशी बसले. तो वरून स्टिअरिंग आणि गिअर सांभाळायचा आणि ओरडायचा, "साब, क्लच!" की हे हाताने क्लच दाबायचे. "साब, ब्रेक!" की हे दुसरा हात ॲक्सिलरेटरवरून काढून ब्रेक दाबायचे. समोर रस्ता आहे की शत्रू, ह्यांना काही दिसत नव्हतं. दिसत होते फक्त त्या माणसाचे पट्ट्यांतून ओले होत चाललेले पाय.

"पोचलात?"

"पोचलो. सगळेच्या सगळे पोचलो. तो हवालदार नंतर मला म्हणाला, साब, आप क्लच बहोत अच्छा दबाते हो." डॉक्टर मोठ्याने हसले. "त्यानंतर मी सगळ्यात आधी गाडी शिकलो. आणि ठरवलं, माझ्या घरातला कुणी माणूस गाडीशेजारी नुसता उभा राहणार नाही."

माधुरीने डोळे पुसले, पदर खोचला आणि जीप सुरू केली. त्या दिवशीही ती बंद पडली, पण बऱ्याच पुढे जाऊन.

वर्षं गेली. माधुरीला जवळच्याच गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली. तिला निकिता झाली. जीप म्हातारी झाली आणि तिच्या जागी मारुती व्हॅन आली.

निकिता पहिलीत असेल. उन्हाळ्याची सुट्टी होती. सकाळचा दवाखाना संपवून डॉक्टर आत आले आणि पाटावर न बसता भिंतीला टेकून उभे राहिले. कपाळावर घाम होता. त्यांनी स्वतःची नाडी बघितली, एक गोळी तोंडात टाकली आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "माधुरी, हा हार्ट अटॅक आहे. घाबरायचं काही कारण नाही. व्हॅन काढ. नगर."

तुषार कर्जतला होता. वाट बघायला वेळ नव्हता. निकिताला शेजारी सोडलं. मागच्या सीटवर डॉक्टर आडवे झाले, डोकं भागिरथीबाईंच्या मांडीवर. पुढे आबा बसले. माधुरीने पदर खोचला.

व्हॅन हमरस्त्याला लागली आणि मागून हुकूम सुरू झाले. "तिसऱ्यावर घे... आता चौथा... ट्रकला इंडिकेटर दे... खड्डा आहे, डावीकडून."

झोपलेल्या माणसाला खड्डा कसा दिसतो, हे तिला कळेना. पण खरंच खड्डा होता.

"बाबा, बोलू नका."

"मी बरा आहे. तू रस्त्याकडे बघ. हात घट्ट धरू नकोस स्टिअरिंगवर, दुखतील."

शेवटी भागिरथीबाईंचा बांध फुटला. त्या ओरडल्या, "आता गप ऱ्हावा! डाक्टर ती हाय आज, तुमी पेशंट हायसा!"

माधुरीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं, सासरे एका शब्दात गप्प झाले. नंतर भागिरथीबाईंनी सांगितलं, की डॉक्टरांनी डोळे मिटून बायकोचा हात छातीवर धरून ठेवला होता.

रुईछत्तिशी गावाच्या अलीकडे रस्ता बंद. मेंढरंच मेंढरं. दोन्हीकडून गाड्या थांबलेल्या, मेंढपाळ लांब मागे. माधुरीला ब्रेक दाबावा लागला. तेवढ्यात आबा दार उघडून खाली उतरले. त्यांचे गुडघे दुखायचे, जिना चढताना ते घरभर हाका मारायचे. तोच माणूस धोतर वर खोचून मेंढरांत घुसला. हातातली काठी हवेत फिरवत ओरडत सुटला, "बाजूला व्हा! मेजर हाय गाडीत! माझा भीमा हाय गाडीत!"

मेंढरांना मेजर कळला नसावा, पण ट्रकवाल्यांना कळला. दोन क्लीनर उड्या मारून खाली आले, एका मोटारसायकलवाल्याने हॉर्न दाबून धरला, आणि मेंढरं दुभंगत गेली. माधुरी पहिल्या गिअरवर हळूहळू पुढे सरकली. आबा चालत्या व्हॅनमध्ये चढले, धापा टाकत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शिव्या.

नगरच्या इस्पितळात स्ट्रेचर आलं, दारं उघडली, मिटली. बऱ्याच वेळाने तिथले डॉक्टर बाहेर आले. "वेळेवर आणलंत. वाचले. ॲम्ब्युलन्स कुठली होती?"

आबांनी माधुरीकडे बोट केलं. "घरची."

माधुरी तिथल्याच बाकावर बसली आणि तुषार येईपर्यंत उठली नाही. संध्याकाळी तिला आत सोडलं. नळ्या लावलेले सासरे पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होते. तिने वाकून विचारलं, "कसं वाटतंय?"

"गाडी चांगली चालवलीस," ते हळू आवाजात म्हणाले. "फक्त गतिरोधकावर जरा..."

"बाबा!"

"बरं, बरं."

घरी आल्यावर त्यांना विश्रांती सांगितली होती. त्यांनी ती एक आठवडा कशीबशी घेतली. मग एका सकाळी आसाराम तात्या भेटायला आले. बराच वेळ चुळबूळ करून म्हणाले, "डाक्टर, माझ्या घरी बोलेरो हाय. पोरगा सदानकदा पुन्याला. मला कायी झालं तर बोलेरोकडं बघत मरायचं का मी? आमच्या दिपालीला शिकवा की गाडी."

दिपाली म्हणजे त्यांची सून. डॉक्टर पांघरूण बाजूला सारून उठून बसले. भागिरथीबाई म्हणाल्या, "झालं! आता कुठली इसरांती!"

त्या वर्षापासून रविवारी सकाळी मिरजगावच्या माळावर बायकांची शाळा भरायला लागली. माधुरी शेजारच्या सीटवर बसून शिकवायची आणि डॉक्टर बांधावर खुर्ची टाकून ओरडायचे. आधी दिपाली आली, मग अंगणवाडीच्या बाई, मग दवाखान्यातली नर्स, मग एक आजी आल्या, ज्यांना फक्त ट्रॅक्टर शिकायचा होता. हॉटेलातले लोक काही दिवस हसले. मग त्यांच्यातल्याच एकाच्या बायकोने त्याला मूतखड्याच्या कळांत नगरला पोचवलं आणि हसणं बंद झालं. दिपाली पुढे शाळेच्या मुलांची गाडी चालवायला लागली. मुलं तिला ड्रायव्हरमावशी म्हणतात.

त्या झटक्यानंतर डॉक्टर जवळजवळ वीस वर्षं जगले. आबा त्यांच्या आधी गेले. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी भावाचं सगळं स्वतः केलं. आंघोळ घालण्यापासून नखं कापण्यापर्यंत. कुणी मदतीला पुढे झालं तर म्हणायचे, "मला शिकवलं ह्याने. तुम्हाला नाही." आबा गेल्यावर कितीतरी दिवस ते सकाळी एक कप चहा जास्त करायचे आणि मग स्वतःच पिऊन टाकायचे.

ते स्वतः गेले एका सकाळी, ओट्यावर पेपर वाचता वाचता. भागिरथीबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं, चष्मा पुसत्यात." ऐंशी पार केलेला माणूस. त्रास नाही, नळ्या नाहीत. गावाने त्या दिवशी दुकानं बंद ठेवली. भागिरथीबाई रडल्या, आणि रडता रडता आल्यागेल्याला चहा मिळाला का, हेही विचारत राहिल्या.

पहिल्या स्मृतिदिनाला भंते आले, वंदना झाली. मांडवात भाषणं झाली. देशसेवा, समाजसेवा, शिस्त. प्रत्येक वक्त्याने डॉक्टरांना आणखी थोडं उंच केलं. भागिरथीबाई पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी माधुरीला कोपराने ढोसलं आणि माईक मागितला. आयुष्यात पहिल्यांदा.

"तुमी सांगितलं ते समदं खरं आसंल," त्या म्हणाल्या. "पन मी काय सांगते, ह्यो मानूस घरातला हुता. पोरींच्या वेण्या घालायचा. माज्याशी भांडायचा अन् आधी स्वतःच बोलायचा. मला म्हनलावता, रिटायर झाल्यावर तुला माजं वाळवंट दावतो. मंग दवाखाना काढला अन् इसरला." त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "तर मला आता ते बघायचंय. न्हाय कुनी नेलं तर मी येकटी जानार."

लोक आधी हसले आणि मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या हिवाळ्यात सीमा राहात्याहून आली, माधुरीने शाळेतून रजा घेतली आणि तिघीजणी जैसलमेरला गेल्या. तिथून पुढे भाड्याच्या गाडीने, रस्ता जिथवर नेईल तिथवर. ड्रायव्हर राजस्थानी होता, भागिरथीबाई त्याच्याशी पूर्ण वेळ मराठीत बोलत होत्या, आणि दोघांचं चांगलं चाललं होतं.

एका ठिकाणी गाडी थांबवून त्या उतरल्या. सगळीकडे वाळू आणि खुरटी झुडपं. वारा सुटला होता. त्यांनी हिरवी साडी नेसली होती, ती फडफडत होती. डोळ्यांवर हात धरून त्या बराच वेळ बघत राहिल्या. सीमाने जवळ जाऊन त्यांचा दंड धरला.

"सावली न्हाई गं कुठं," त्या म्हणाल्या. "अन् मी तिकडं तुझ्या भावाच्या बारशाला हे आले न्हाईत म्हून रुसून बसले हुते."

मग त्यांनी नाक पुसलं, पदर नीट केला आणि माधुरीला म्हणाल्या, "काढ माजा फोटू. सरळ काढ, वाकडा नको. अन् मंग त्या ड्रायव्हरदादाला इचार, हितं च्या कुठं मिळतो. गार पडलेय मी."